गुणाजींच्या डोंगरावरचा वारा

सह्याद्रीत पवनचक्क्या कुठे चालतील, याचा नकाशा १९८६ साली अंधेरीच्या एका ऑफिसात तयार होत होता. डोंगरावरच्या माणसांनी वाऱ्याचा रोजचा वेग लिहून महिनाअखेरीला कार्ड पाठवायचं आणि नलिनीबाईंनी ते आकडे नकाशावर चढवायचे. बाकी कार्डांवर नुसते आकडे. एका डोंगरावरच्या गुणाजींना मात्र बाईंनी एकदाच पोच देताना आपल्या खोकल्याचं लिहिलं होतं, तेव्हापासून ते शेऱ्यात दर महिन्याला विचारायचे, "बाई, खोकला थांबला का?" बाईंच्या बोरीवलीच्या खोलीत असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

एकदा साहेब वैतागले. "ह्या गुणाजीच्या डोंगरावर वाराच नाही हो, बाई! ताशी आठ किलोमीटरवर काय पातं फिरणार? अजून एक महिना बघू, नाहीतर त्याची कार्डं टाका बंद करून."

पुढचं कार्ड आलं. आठ, सात, नऊ, आठ. शेऱ्यात होतं, "बाई, झाडाचं पान हलत नाही. काढा घेताय ना?"

नलिनीबाईंनी एकदा साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. मग कार्डावरच्यासारख्याच निळ्या शाईनं प्रत्येक आकड्याच्या आधी एक-एक 'एक' लिहिला.



नकाशात त्या डोंगरावर चांगलाच वारा सुटला.