कव्हरावरचा पिवळा दोरा

समीक्षानं कातरीचं टोक पिवळ्या दोऱ्याखाली घातलं, तोच कडूबांचा हात पुढं आला.

“थांब वं पोरी! उसवू नको तो.”

“आबा, अख्ख्या कव्हरावर हा एकच डाग आहे. बाकी बघा ना किती सुंदर राहिलंय.”

कातर थांबली, पण दोऱ्याखालून निघाली नाही.

समीक्षा शेजारच्या नारायणरावांची नात. नागपूरला चित्रकला शिकत होती. ग्रामोफोनच्या छोट्या रेकॉर्डची कव्हरं आणि लेबलं कशी बदलत गेली, त्याचं प्रदर्शन तिला भरवायचं होतं, आणि कडूबांच्या पेटीत तिला खजिना सापडला होता. कधीकाळी उंद्री गावातल्या प्रत्येक मांडवात रेकॉर्ड वाजवायला कडूबांचा भोंगा लागायचा. आता त्यांच्या अंगणातल्या बाजेवर तिनं सगळी कव्हरं ओळीनं मांडली होती. आधीची खाकी कागदाची, मधोमध गोल खिडकी असलेली. त्या खिडकीतून लेबल डोकवायचं, लाल, निळं, हिरवं. मग दोन रंगांत छापलेली. मग गुळगुळीत, फोटोवाली. त्यांत खिडकी बुजली आणि लेबल आत झाकलं गेलं. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा, सुईनं घातलेला रंगीत टाका.

“कोणी टोचले हे?”

“माह्या बायकोनं. विमलनं. तिले वाचता येत नव्हतं ना.”

कडूबांनी हे सहज सांगितलं. आयुष्यभर ते असंच सांगत आले होते. वाचता त्यांना स्वतःलाच येत नव्हतं, हे मात्र उंद्रीत कोणाला ठाऊक नव्हतं. लेबलांचे रंग हीच त्यांची बाराखडी. लाल लेबल हळदीचं, निळं पाळण्याचं, हिरवं पाठवणीचं. पुढं कंपनीनं लेबलं बदलली. सगळी काळी, वर नुसती रुपेरी अक्षरं. आणि वडनेर भोलजी गावच्या एका हळदीत कडूबांनी पाठवणीचं गाणं लावलं. नवरीची माय एक दिवस आधीच हंबरडा फोडून रडली. मांडवातून कोणीतरी ओरडलं, “काय बे कडूबा, पोरगी आजच धाडतं का?” मांडवभर हसू उसळलं. कडूबा भोंग्याच्या खांबाआड जाऊन उभे राहिले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, कव्हरं इकडची तिकडं झाली. दुसऱ्या दिवशी विमलबाई सुईदोरा घेऊन बसल्या. “वाजवा एकेक,” म्हणाल्या. “तुम्ही पंगतीले बसले अन् मले रेकॉर्ड लावा लागली तं? मले कुठं वाचता येते? माह्यापुरत्या खुना करून ठेवते.”

हळदीला पिवळा. पाळण्याला हिरवा. सासरी निघाल्या लेकीला लाल. देवाच्या आरतीला केशरी. त्यानंतर कडूबा पुन्हा चुकले नाहीत. बायकोच्या अडाणीपणामुळं आपली अब्रू राहिली, असं ते मनातल्या मनात म्हणत.

“मीच तिले रोज पेपर वाचून दाखवो,” आता ते समीक्षाला म्हणाले.

तेही अगदीच खोटं नव्हतं. हॉटेलातून कालचा पेपर ते घरी आणत, बाजेवर पसरत, फोटो बघत आणि सुचेल ती बातमी सांगत. विमलबाई डाळ निवडत ऐकायच्या. मधूनच विचारायच्या, “मंग पुढं काय झालं हो?”

“पण आबा, आजी जाऊन चार वर्षं झाली,” समीक्षा हळूच म्हणाली. “वाजवायचं मशीनही बंद आहे. खुणा आता कोणाला लागतात?”

मला लागतात, असं म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. ऐंशीव्या वर्षी, शेजारच्या नातीपुढं. कडूबांनी तोंड फिरवलं.

“काप मंग,” ते म्हणाले.

समीक्षानं दोरा जरासा ताणला. तो तुटला नाही, जुना डिंकच सुटला. खाकी कव्हर शेंगेसारखं उकललं.

“आबा, आत काहीतरी लिहिलंय. पेन्सिलनं.”

“कंपनीचं असंन.”

“नाही हो, हातानं लिहिलंय.” ती अक्षर लावत वाचू लागली. “‘हळद पिवळा. पाळना हिरवा. पाठवनी लाल. आरती केसरी.’ आणि सगळ्यात वर...” ती थांबली.

“काय हाये वर?”

“‘ह्यायच्यासाठी खुना.’”

नवऱ्याला विमलबाई ‘हे’च म्हणत, त्याचं नाव त्यांनी कधी ओठांवर आणलं नव्हतं. पेन्सिलीनंसुद्धा आणलं नव्हतं. ‘ह्यायच्यासाठी’ असं लिहिणारं माणूस ह्या घरात एकच होतं.

कडूबांनी कव्हर हातात घेतलं. त्या शब्दावरून बोट फिरवलं, सावकाश, पोराच्या कपाळावरून फिरवावं तसं. अक्षरांची त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली नाही. मग समीक्षाच्या हातातली कातर काढून त्यांनी बाजूला ठेवली.

“दोरा राहू दे, पोरी. वाचता मलेच येत नाही.”

समीक्षानं ह्या कव्हरासाठी आधीच चिठ्ठी लिहून ठेवली होती: रचना, अज्ञात. तिनं ‘अज्ञात’ खोडलं आणि तिथं ‘विमलबाई’ लिहिलं.

कडूबा हसत होते. हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

“पन्नास वर्षं तिले पेपर वाचून दाखवला वं मी. सारा खोटा. अन् ते माही विमल, वाचता येत असून, डाळ निवडता निवडता रोज म्हने, मंग पुढं काय झालं हो?”