वायरमनकाकांचं कुलूप

"अहो, कुलूप समोर दिसतंय, किल्ली यांच्या गळ्यात लटकतेय, मग अडलंय कुठे?" कोंबडीची पिल्लं विकणाऱ्या पिल्लंवालीने विचारलं.

"नियमात," मॅनेजर म्हणाला.

कुलूप वीज सहकारी संस्थेच्या मेन स्विचवर होतं. मेन स्विच तारेच्या कुंपणाच्या आत होता. वायरमनकाका कुंपणाच्या बाहेर, स्टुलावर, मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन बसले होते. तार नसती तर बसल्या जागेवरून हात पोचला असता.

झालं होतं ते अगदी साधं. खांबावर चढण्याआधी वायरमनने मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर स्वतःचं कुलूप घालायचं, म्हणजे तो वर असताना खालून कुणी लाइन चालू करून त्याचा कोळसा करणार नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. नियम चांगलाच होता. तो ऑफिसच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेला होता आणि त्याखाली चेअरमनचं नाव त्याहून ठळक होतं. सकाळी काका कुलूप घालून खांबावर चढले. काम उरकून खाली उतरले, तोच त्यांना निरोप समारंभाला ओढून नेलं, कारण चेअरमनला पुढे आणखी एक भाषण होतं. चेअरमनने काकांच्या हातात गुच्छ दिला आणि काका निवृत्त झाले. निवृत्त माणूस म्हणजे बाहेरचा माणूस. बाहेरच्या माणसाला कुंपणाच्या आत प्रवेश बंद. हाही नियम भिंतीवर होता.

चेअरमनचं पुढचं भाषण माइकअभावी रद्द झालं. लाइट नव्हती.

गिरणी थांबली. वेल्डिंग थांबलं. न्हाव्याचं मशीन एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या डोक्यावर थांबलं. पण ते सगळं उद्या झालं तरी चाललं असतं. पिल्लंवालीची अंडी मात्र आजच फुटायची होती आणि उबवणीचं मशीन गार पडत चाललं होतं. घरातली सगळी पांघरुणं त्यावर टाकून झाली होती. सासूबाई मशीनला मिठी मारून बसल्या होत्या. अशी मिठी त्यांनी सुनेला कधी मारली नव्हती.

एक अंडं ती लोकरी टोपीत घालून पुरावा म्हणून घेऊन आली होती. केबिनमध्ये शिरून तिने ते सरळ चेअरमनच्या कानाला लावलं.

"आतून टकटक येतेय," चेअरमन दचकून म्हणाला.

"दार वाजवतंय ते. संध्याकाळपर्यंत ऊब मिळाली नाही तर वाजवायचं थांबेल. अशी मशीनभर आहेत. कुलूप काढा, दादा."

चेअरमन खुर्चीत नीट रेलला. ती खुर्ची त्याच्या वडिलांपासून घरात होती. म्हणजे ऑफिसातच होती, पण घरातली होती.

"ताई, नियम तुमच्या रक्षणासाठीच आहे. आणि परिणाम बघा ना! सकाळपासून आपल्या एकाही सभासदाला शॉक बसलेला नाही."

"मग काकांना पाच मिनिटं परत कामावर घ्या."

"त्यांचं वय उलटलंय."

"तुम्ही तर त्यांच्याहून मोठे दिसता."

"चेअरमनला वयाची अट नसते," चेअरमन प्रेमळपणे म्हणाला.

अंडं पुन्हा वाजलं. पिल्लंवालीने टोपी छातीशी धरली आणि विचारलं, "चेअरमनला कुंपणाच्या आत जाता येतं?"

"चेअरमनला कुठेही जाता येतं."

"आणि काका सभासद आहेत. घरचं मीटर आहे त्यांच्या नावावर."

मॅनेजरने आधी छताकडे पाहिलं, मग चेअरमनकडे. "नोकरीत होते तोवर निवडणुकीला उभं राहता येत नव्हतं, साहेब. आता दुपारपासून रिकामेच आहेत."

गाव तसंही ऑफिससमोर जमलेलं होतं. वार्षिक सभेला चहा देऊनही जो कोरम भरत नसे, तो लाइट घालवल्यावर आपोआप भरला होता. चेअरमनने बाहेर गर्दी पाहिली आणि गर्दी पाहिली की त्याला राहवत नसे. "सभासदांच्या हितासाठी," तो पायरीवर उभा राहून म्हणाला, "मी पाच मिनिटं खुर्चीचा त्याग करतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवा चेअरमन म्हणून काकांच्या नावाला सगळे हात वर गेले. अर्ध्या डोक्याच्या गिऱ्हाइकाने दोन्ही वर केले.

काका उठले. गुच्छ स्टुलावर ठेवला. चेअरमन म्हणून कुंपणाच्या आत गेले, गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि स्विच वर केला. गिरणी घरघरली. न्हावी गिऱ्हाइकाची कॉलर धरून पळाला. पिल्लंवालीचा फोन वाजला, पलीकडून सासूबाई ओरडत होत्या, "अगं, दिवा लागला! मी सोडू का याला आता?"

"सोडा, आई. पण हळू."

काका कुलूप हातात घेऊन ऑफिसात गेले. चेअरमन त्यांच्या मागे गेला. "झाली पाच मिनिटं. शाबास. आता राजीनामा द्या."

काकांनी केबिनचं दार बाहेरून ओढून घेतलं. कडी घातली. कडीला कुलूप लावलं. किल्ली गळ्यात अडकवली.

"हे काय?" चेअरमन म्हणाला.

"आत दुरुस्तीचं काम काढलंय," काका म्हणाले. "जुनं काम आहे. वेळ लागेल."

चेअरमनने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कुलपाचा नियम होता आणि खाली चेअरमनचं नाव होतं.

"अहो ताई," चेअरमन काकुळतीला आला, "तुम्ही तरी सांगा यांना. माझी खुर्ची आत आहे हो!"

पिल्लंवालीने टोपीत पाहिलं. अंड्याला तडा गेला होता आणि तड्यातून एक चोच बाहेर आली होती.

"दादा," ती म्हणाली, "नियम तुमच्या रक्षणासाठीच आहे."