संगमरवरी पोळपाट

"पोळपाट दे," श्रीरंगनं अंगणातून हाक दिली.

"लाकडी देते."

"लाकडी वाकलेला आहे. भेडाघाटचा संगमरवरी दे."

सुनेत्रा चुलीपुढून उठलीच नाही. तो पोळपाट तिच्या माहेरचा. पोळीखेरीज त्याला दुसरं काही कधी शिवलं नव्हतं. शेवटी श्रीरंगच काळ्या हातांनी आत आला नि उचलून घेऊन गेला.

अंगणात शेजारच्या शरच्चंद्राची फटफटी पोट उघडून उभी होती. शरच्चंद्र दसऱ्याला बर्म्याच्या लढाईवर गेला, तो क्लच घसरता ठेवूनच. इंजिन नुसतं गुरगुरायचं, चाक काही ओढायचं नाही. क्लचच्या चकतीतली बुचं झिजली होती, आणि लढाईपायी नवी कुठली मिळायला! मग त्याच्या बायकोनं, विभावरीनं, ओमती पेठेतल्या दवाखान्यांतून औषधाच्या बाटल्यांची बुचं मागून आणली. सुनेत्रानं ती कढत पाण्यात मऊ केली, श्रीरंगनं चकतीच्या भोकाभोकांत दाबून बसवली. आता वर आलेली टोकं घासून सपाट करायची तेवढी राहिली होती.

पोळपाटावर खरखरीत रेगमालाचा कागद अंथरून श्रीरंग आणि विभावरी दोघं वाकली.

"भाऊजी, इथं उंच आहे अजून."

"कुठं, वैनी?"

"हे काय, माझ्या बोटाशी."

बारा तास फॅक्टरी करून आलेला नवरा घरात हूं की चूं करत नसे. अंगणात मात्र शब्द कसे लाह्यांसारखे फुटत होते! सवत मातीची केली तरी चूल मागते म्हणतात. ही तर हाडामांसाची, पोळपाटावर हात टेकून बसलेली. तव्यावरची पोळी करपली.

सुनेत्रा उठली आणि दोघांच्या मधोमध जाऊन बसली. "सरका."

"अगं, तुला नाही जमायचं—"

"जात्यावर जन्म गेला माझा. गोल फिरवायचं मले शिकवून राहिले का?"

तिनं चकती ओढून घेतली. घरघर, घरघर. तांबूस भुगा पिठासारखा झरू लागला. श्रीरंगनं पट्टी आडवी धरून पाहिली. खालून कुठंच उजेड दिसेना.

"वा! पाहा वैनी, एकसारखं."

शाबासकीही त्यानं तिकडंच दिली.

चकती बसली, झाकण लागलं. किक मारून त्यानं गिअर टाकला, क्लच सोडला, आणि फटफटीनं हिसका देऊन पुढं झेप घेतली.

"चला, ताई," सुनेत्रा म्हणाली. "उद्यापासून तुमच्या पायांना आराम. रोज यायचं सुटलं."

विभावरी मात्र गेली नाही.

श्रीरंग मोरीवर हात धुवायला बसला. सुनेत्रा वरून तांब्यानं पाणी ओतू लागली. तो चोळत होता, काळं पाणी मोरीतून वाहत होतं, आणि विभावरी दाराशी उभी राहून तिकडंच टक लावून पाहत होती. सुनेत्राच्या अंगाचा भडका उडाला.

"काय पाहून राहिल्या एवढं, ताई?"

"पाणी," विभावरी म्हणाली. "किती काळं निघतं गं तुझ्याकडं. आमच्या न्हाणीत ह्यांच्या साबणाची वडी दसऱ्यापासून तेवढीच आहे."