बाभळीपासूनचा ब्रेक

गाडीची धडक बसली आणि मेंढी जागीच गेली. प्रीतम घाबरून खाली उतरला, तेव्हा मेंढपाळ धोंडीबा डांबरावर उमटलेल्या चाकांच्या काळ्या खुणा बघत उभा होता. त्या पार मागच्या बाभळीपासून सुरू झाल्या होत्या.

"हे बघ," तो बायकोवर कडाडला. "तिथून ब्रेक दाबलाय बिचाऱ्यानं! आणखी काय करायचं माणसानं? तुलाच मेंढरं आवरता आली न्हाईत."

कोंडाबाईने पदराने डोळे पुसले. "चुकलं माझं, दादा," ती प्रीतमला म्हणाली.

प्रीतमची नजर पुढच्या टायरवर गेली. गाडी फारशी फिरत नसल्याने टायरची नक्षी अजून शाबूत होती, पण इतक्या वर्षांत रबर वाळून लाकडासारखं टणक झालं होतं. परवा पिंगळीच्या रेल्वे फाटकापाशीही गाडी वेळेवर थांबली नव्हती. तेव्हा त्याने रस्त्याला नावं ठेवली होती. टायर चांगले असते, तर या खुणा मेंढीच्या अलीकडेच संपल्या असत्या.

"जावा सायेब, तुमचा काय गुन्हा?" म्हणत धोंडीबाने मेंढी कडेला ओढून वाट करून दिली.

प्रीतमने गाडी सुरू केली. तेवढ्यात कोंडाबाई खिडकीशी आली.

"दादा, पुढच्या वळणावर आमची लेक दैवशाला कोकरं घेऊन जायलीय. पण तुमची काय काळजी न्हाई. तुमी लय लांबून ब्रेक दाबता."

प्रीतमने किल्ली फिरवून गाडी बंद केली.