तिसरं मँडोलिन

"नाही बा, हेही नाही," मैना म्हणाली आणि दुसरं मँडोलिनही तिनं काउंटरवर ठेवून दिलं.

दुकानदार गोवर्धनशेठनं कपाळाला हात लावला. अकोल्यातल्या त्या वाद्यांच्या दुकानात बापलेक येऊन बसले त्याला तास होऊन गेला होता. पहिल्याच्या खुंट्या ढिल्या म्हणून नको, दुसऱ्याचा आवाज बद्द म्हणून नको. खरं सांगायचं तर दोन्ही वाद्यं चांगली होती, आणि मैनाला ते पक्कं कळत होतं. पण काय करणार बिचारी! नवं मँडोलिन तिला घरी न्यायचंच नव्हतं.

तिचा बाप जानराव मूर्तिजापूरच्या शेषरावांच्या गायनपार्टीत मँडोलिन वाजवायचा. पार्टी भीमगीतं म्हणायची आणि मधे जानरावचा हात सुटला की मंडप डोलायचा. हे झालं रात्रीचं. दिवसा तो कापसाच्या जिनात कामाला. वीस वर्षं तिथल्या यंत्रांच्या धडधडाटात उभं राहून त्याचे कान गेले. अगदी ठार नव्हे. माणसाचं बोलणं ऐकू यायचं, ढोलकी ऐकू यायची, मँडोलिनच्या बारीक तारा तेवढ्या ऐकू येईनाशा झाल्या. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. मैनानं मात्र एकदा त्याला बघितलं. तारा जुळवताना हनुवटी लाकडाला घट्ट दाबून बसला होता, आणि तरी तारा बेसूरच. बा, तुम्हाला ऐकू येत नाही, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

तेव्हापासून कार्यक्रमाच्या दिवशी तो आंघोळीला गेला, की ती गुपचूप आठही तारा जुळवून ठेवी. लहानपणी त्यानंच शिकवलेलं कामी आलं. पडद्यांवर त्याची बोटं अजून नेमकी पडत. बोटांना कान लागत नाहीत. चार वर्षं असं निभलं. मग पातूरच्या कार्यक्रमाच्या दिवशी मैना तापानं फणफणली, घरच्यांनी तिला अंथरुणातून उठू दिलं नाही. जानरावानं स्वतः जुळवलेलं मँडोलिन त्या दिवशी मंडपात असं काही रडलं, की लोक तोंडावर पदर नि उपरणं धरून हसले. शेषराव भला माणूस. सगळं खापर त्यानं वाद्यावर फोडलं. "पोट फुटलं त्याचं, जानराव. आता नवं घ्या," म्हणाला. पार्टीतल्या झाडून साऱ्यांनी वर्गणी काढली.

झाली ना पंचाईत! जुनं होतं तोवर दोष द्यायला ते होतं. उद्या ती पुन्हा आजारी पडली नि कोरं करकरीत मँडोलिन बेसूर लागलं, तर माणसं कुणाकडे बघणार? मैनानं घरी दहादा सांगून पाहिलं, की जुनंच चिकटवून घेऊ. बाप ऐकेना. "अकोल्याले जाऊ. तूच चाल माह्यासंगं," एवढंच.

आणि आज तर तो भलताच वागत होता. एकाही मँडोलिनला त्यानं हात लावला नाही. दरवेळी "तू वाजव, मी पाहतो" म्हणायचा आणि टक लावून तिच्या हाताकडे बघत बसायचा. तिनं नको म्हटलं की हाही मान हलवून नको म्हणायचा. गोवर्धनशेठ अखेर वैतागला.

"भाऊ, मँडोलिन ऐकायचं असते, पाहायचं नसते!"

मैनानं झटकन बापाकडे पाहिलं. जानराव नुसता हसला.

शेठनं फळीवरून तिसरं काढलं. लहानसं, बारीक मानेचं. "याच्याहून स्वस्त आता आपल्यापाशी फक्त बासरी हाय," म्हणाला. मैनानं भीतभीत तारा छेडल्या. असा गोड, मोकळा आवाज आला, की तबल्याला शाई लावून घ्यायला आलेला माणूसही वळून बघायला लागला. मैनाला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. नाव ठेवायला आता काही उरलं नव्हतं. खुंट्या घट्ट होत्या, आवाज लख्ख होता, वर्गणीत बसत होतं. तिची नजर मानेवर गेली आणि बुडत्यानं काडी धरावी तशी तिनं ती मान धरली.

"बा, याची मान लई बारीक हाय. तुमच्या बोटाइले नाही जमणार."

"माह्या बोटाइचं कोन पाहून राहिलं?"

जानराव पुढे झाला. त्यानं तिची करंगळी धरली, हळूच ताणली आणि दूरच्या पडद्यावर टेकवली.

"पोचते," तो म्हणाला. "मंगाच्या दोन्हीवर पोचत नव्हती. शेठ, हेच द्या."

मैनानं करंगळी तशीच पडद्यावर ठेवली. शेठ खोळ शोधायला आत गेला, तेव्हा जानरावानं आवाज उतरवला.

"पातूरले मी जुळवलं आन् लोक हासले. तवा मले समजलं, चार वर्सं कोन जुळवून राहिलं होतं. शेषरावले मी सांगून आलो. धम्मचक्राच्या कार्यक्रमाले मँडोलिनवर तू बसशीन."

"आन् बा, तुमी?" मैनानं विचारलं.

जानरावानं धोतराच्या सोग्यानं नव्या मँडोलिनवरची धूळ पुसली. बारीक तारांवरून एकदा अंगठा फिरवला.

"मी समोर बसीन," तो म्हणाला. "पाहीन."