ट्रॉलीवरचा चौका

कुंथुनाथचं तोंड फक्त जेवायला उघडायचं. कुणाला काही विचारायला त्यानं ते कधी वापरलं नाही. तारामती उजाडल्यापासून हेच बोलत होती, आणि तिचा हा धाकटा लेक, तिला न विचारता, उसाच्या ट्रॉलीच्या बाजूच्या फळ्या काढून वर तंबू उभा करत होता.

"अरं, लोखंडात खुट्ट्या ठोकतोस व्हय? कुठं शिकलास हे?"

"ठोकत न्हाय आई, बांधतोय."

त्यानं ऊस आवळायचा दोर तंबूच्या कडीतून ओवला आणि ट्रॉलीच्या हुकाला ताणून बांधला. तंबू त्यानं मित्रांबरोबर डोंगरात मुक्कामाला जायला घेतला होता. ट्रॉलीवर तो एखाद्या नव्या नवरीसारखा अवघडून उभा राहिला.

रात्री अवकाळी पाऊस झाला होता. सदलग्याच्या रस्त्याकडेचं हे त्यांचं रान काळ्या मातीचं; पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. गावातल्या दोघांनी महाराजांच्या आहारासाठी मांडव घातले होते, ते दोन्ही रात्रीत झोपले. शाळेत उतरलेल्या मुनीमहाराजांना आज घास मिळायचा, तर तो याच चौक्यात, सोवळ्यानं रांधून वाढायच्या या ट्रॉलीवरच्या जागेत.

महाराज म्हणजे तारामतीचा थोरला, वृषभ. दीक्षा घेऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर त्यांची पावलं या वाटेला पहिल्यांदाच लागली होती, आणि दुपारनंतर ते निपाणीकडं निघणार होते.

"चिखलात किडामुंगी किती असत्यात बघ," कुंथुनाथ म्हणाला. "पाय पडला की हिंसा. हितं वर कसं कोरडं, सपाट. तुझ्या गुडघ्यांना बी बरं. आन आत माणूस ताठ हुबा ऱ्हातोय." मुनी उभ्यानंच जेवतात, एवढं त्याच्या ध्यानात होतं.

तारामतीला त्यात खोट सापडेना. असं क्वचित व्हायचं. तिनं एकेक दोर ओढून बघितला. एकही ढिला नव्हता.

"बांधलंयस तर बरं," ती पुटपुटली, त्याला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात.

दहा वाजता सून प्रणिता धुवट साडीत आत पाट मांडून बसली. विहिरीचं गाळलेलं पाणी, ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दूध. कुंथुनाथनं फळीची पायरी लावली आणि तारामतीला हात धरून वर घेतलं. हातात नारळाचा कलश घेऊन ती तंबूच्या दारात उभी राहिली. तिथून तिला सगळा रस्ता दिसत होता, आणि सगळ्या रस्त्याला ती दिसत होती. बायकांच्या घोळक्यात अक्काताई होती. झोपलेल्यातला एक मांडव तिचा. तारामतीनं पदर सारखा केला.

महाराज आले. उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकवलेली, म्हणजे आहाराला निघालेत. आता परत जाईपर्यंत बोलणं नाही. नजर चार हात पुढच्या मातीवर. पायाखाली जीव येऊ नये म्हणून.

"भो स्वामी, नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!"

थांबा म्हणून विनवणारं तारामतीचं पहिलं नमोस्तु खणखणीत निघालं. दुसरं फाटलं.

ते थांबले. बरोबर ट्रॉलीसमोर. वरून तिला त्यांचा केस उपटलेला माथा तेवढा दिसत होता. तो वर होईल म्हणून तिनं वाट बघितली.

महाराजांनी पुढचं चाक बघितलं. मग मागचं. मग ते माघारी वळले.

"महाराज!" कुंथुनाथनं चिखलात उडी टाकली. "ट्रॅक्टर सोडवलाय महाराज! चालत न्हाय ही! चाकाला दगड लावल्यात बघा!"

महाराज बोलू शकत नव्हते. त्यांच्याबरोबर चालणारा सन्मती हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, वाहन हाय हे. वाहनाला पाय लावायचं त्यांनी जल्मासाठी सोडलंय. हुबं असलं म्हणून काय झालं?"

"मग ताट खाली आणतो. आत्ता आणतो, हितंच, रस्त्याव..."

"आता न्हाय, अण्णा. दिवसातनं एकदाच निघत्यात, आन फिरले ते. आता उद्या."

उद्यापर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही, आणि दुपारनंतर निपाणीची वाट.

तारामतीनं एक पाय फळीवर टाकला होता. दोन्ही हातांत कलश, त्यामुळं धरायला काही नाही. हाक मारावी तर वृषभ हे नाव आता तिच्या तोंडी चालत नव्हतं. तिनं पुन्हा नमोस्तु म्हटलं. ते तिचं तिलाच ऐकू आलं. उघडी पाठ शाळेच्या भिंतीआड गेली.

बायकांचा घोळका पांगला. अक्काताईसुद्धा नजर चुकवून निघून गेली, हे तारामतीला जास्त लागलं.

कुंथुनाथ दोर सोडायला लागला. गाठी त्यानंच आवळल्या होत्या, सुटेनात. नखं लावली, दात लावले.

"चाकांचं माझ्या ध्यानातच आलं न्हाय, आई. रोजचीच ट्रॉली की."

तिच्याही आलं नव्हतं. तीही चढलीच होती.

तिनं कलश प्रणिताच्या हातात दिला आणि फळीवरून बसत, घसरत खाली आली. अनवाणी पाय चिखलात घोट्यापर्यंत गेले. तिनं आपल्या पावलांकडं बघितलं.

"खाली मान घालून चालतो रं तो," ती म्हणाली. "मला हितं चिखलात हुबी केली असतीस, तर माझी पावलं तरी बघून गेला असता. तू त्याला चाकं दावलीस."