आज नाही

फळ्यावर प्राध्यापिका बाईंनी एका घराचा नकाशा काढला होता आणि त्याभोवती बाणांचं जाळं. पहारेकरी, कुत्री, गल्लीतली वर्दळ, वारा. एकाला धक्का लागला की बाकीचं सगळं हलतं, हे सकाळपासून त्या समजावत होत्या. त्या घरात एक इंजिनिअर ओलीस होता आणि संध्याकाळी मेजरच्या तुकडीने त्याला सोडवून आणायचं होतं.

"थोडक्यात सांगा, मॅडम," कर्नल डोळे चोळत म्हणाले.

"थोडक्यात एवढंच, की इथे आखलेलं तिथे टिकत नाही. सुरुवातीला किरकोळ वाटलेली गोष्टच पुढे सगळं फिरवते. म्हणून जो सगळ्यात जवळ असेल, निर्णय त्याचा. इथे बसून वायरलेसवर हुकूम सोडू नका."

"मान्य. मेजर, निर्णय तुझा."

मेजर भिंतीला टेकून उभा होता. बसलं की डोळा लागेल, म्हणून. परवाची मोहीम आटोपून तुकडी परतली होती ती थेट इथेच.

"मग आज जायला नको, साहेब."

कर्नलांनी मान वर केली.

"सकाळी मामाने वायरलेसची बॅटरी उलटी बसवली," मेजर म्हणाला. मामा म्हणजे तुकडीतला सगळ्यात जुना गडी. त्याचे हात अंधारातही चुकत नसत. "सेट चालेना, तसा तो हसत सुटला. मग बाकीचेही. कुणाला थांबताच येईना."

"त्याच्या जागी दुसरा देतो."

"सगळ्यांचीच गत मामासारखी झालीय, साहेब. माझीसुद्धा."

कर्नल बाईंकडे वळले. "उद्यावर ढकललं तर?"

"इंजिनिअरला दुसरीकडे हलवतील. कदाचित नाहीही हलवणार."

"आणि आज गेले तर?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "तेही छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण सगळ्यात जवळ कोण आहे, ते दिसतंय."

"निर्णय तुझा म्हणालो, ते तू तिथे पोचल्यानंतरचं," कर्नल पुटपुटले. मग त्यांनी फोन उचलला, 'उद्या' एवढंच बोलले आणि ठेवून दिला.

"शेजारच्या खोलीत त्या इंजिनिअरची बायको बसलीय. तिला कोण सांगणार?"

"मी सांगतो."

त्याला दारात पाहताच ती उठून उभी राहिली. "निघालात?"

"आज नाही, ताई."

बाईंची सगळी वाक्यं त्याच्या डोक्यात होती, पण त्यातलं एकही इथे बोलण्यासारखं नव्हतं. "माझी माणसं पार दमलीत," तो म्हणाला. "अशा हातांनी तुमच्या माणसाला आणायला गेलो, तर..."

ती फाडकन काहीतरी बोलणार, असंच त्याला वाटलं, आणि ते ऐकून घ्यायला तो थांबला. ती मात्र त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्याचे सुजलेले डोळे. दाराची चौकट घट्ट धरलेला हात.

शेजारच्या खुर्चीवर पिशवी होती, नवऱ्याच्या धुतलेल्या कपड्यांची. ती तिने उचलली आणि मांडीवर घेऊन खाली बसली.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "पडाल."